किशोरवयीन मुलांची चरबी मोजणारे यंत्र: त्यातले समीकरण कोणाच्या शरीरावरून बांधले आहे?

मोजपट्टी (मूळ लेख)

मागच्या महिन्यात माझी तेरा वर्षांची भाची रात्रीचे जेवण टाळू लागली. कारण विचारल्यावर तिने दप्तरातून घडी घातलेला एक कागद काढून दिला. पुण्यातल्या एका व्यायामशाळेत ती आईबरोबर गेली असताना तिथल्या वजनकाट्यासारख्या यंत्रावर तिला अनवाणी उभे करण्यात आले होते, आणि यंत्रातून छापून आलेला हा कागद तिच्या हाती देण्यात आला होता. उंची १५० सेंटीमीटर, वजन ३८ किलो, शरीरातील चरबी ३१ टक्के, आणि त्यासमोर लाल चौकटीत ‘अधिक’ असा शेरा. मुलगी अंगाने सडपातळ आहे. कागद नीट वाचला तेव्हा वरच्या कोपऱ्यात वय ४१ छापलेले दिसले. तिच्याआधी जे कोणी यंत्रावर उभे राहिले होते त्यांचे वय तसेच राहून गेले होते.

वयाची चूक लगेच उलगडली. तिला समजावताना मात्र माझ्या लक्षात आले की वय बरोबर भरले असते तरी तो आकडा मी डोळे मिटून मान्य केला नसता. पोषणशास्त्राच्या क्षेत्रीय अभ्यासांत मुलांची मोजमापे घेण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, आणि हे यंत्र मी शेकडो मुलांवर वापरले आहे. ते उपयोगी आहे, स्वस्त आहे, मुलांना त्याचा त्रास होत नाही. पण त्याच्या आकड्यामागे काय दडले आहे हे पालकांना कोणी सांगत नाही, म्हणून हा धागा.

या पद्धतीला बायोइम्पिडन्स म्हणतात. एक मिलिअँपिअरपेक्षाही क्षीण, बहुधा ५० किलोहर्ट्झ वारंवारतेचा प्रवाह शरीरातून सोडला जातो. तो जाणवतही नाही. स्नायू, रक्त आणि अवयव यांत पाणी व क्षार भरपूर असल्याने प्रवाह त्यांतून सहज वाहतो, आणि चरबीत पाणी फार थोडे असल्याने तिथे तो अडतो. यंत्र प्रत्यक्षात मोजते ती एवढीच गोष्ट: प्रवाहाला झालेला रोध, ओहममध्ये. उंचीच्या वर्गाला या रोधाने भागले की जो आकडा येतो त्याचा शरीरातील एकूण पाण्याशी घट्ट संबंध असतो, हे हॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखवले. पाण्यावरून चरबी सोडून उरलेल्या शरीराचे वजन काढायचे, ते एकूण वजनातून वजा करायचे, आणि जे उरेल ती चरबी.

म्हणजे चरबी ही वजाबाकीतली बाकी आहे, आणि आधीच्या प्रत्येक पायरीवरची चूक त्या बाकीत येऊन साठते. माझ्या भाचीच्या ३८ किलोंपैकी साधारण ३० किलो चरबीविरहित आहेत असे धरा. त्या ३० किलोंच्या अंदाजात एका किलोची चूक झाली तर ती तीन टक्क्यांचीच दिसते, पण तोच एक किलो आठ किलोंच्या चरबीत मिळवला किंवा वजा केला की चित्र पालटते.

आता मुख्य मुद्दा. रोधावरून चरबीविरहित वजन काढण्यासाठी जे समीकरण लागते ते निसर्गनियमातून थेट मिळत नाही. काही मुलांचा रोध मोजतात, त्याच मुलांच्या शरीरातले पाणी किंवा चरबी दुसऱ्या अधिक खात्रीच्या पद्धतीने मोजतात, आणि दोहोंची सांगड घालणारे समीकरण बसवतात. ते समीकरण त्या मुलांचे असते. किशोरवयीन मुलांसाठी आजही वापरले जाणारे एक प्रसिद्ध समीकरण हाउटकूपर आणि सहकाऱ्यांचे, १९९२ सालचे आहे. ते अमेरिकेतल्या १० ते १९ वर्षांच्या गोऱ्या मुलामुलींवरून बांधलेले आहे. मॅकार्थी आणि सहकाऱ्यांचे २००६ सालचे चरबीचे शतमक तक्ते (त्याच वयाच्या शंभर मुलांत एखादे मूल कितवे बसते ते दाखवणारे), ज्यांवरून ‘अधिक’ आणि ‘अत्यधिक’ असे शेरे ठरवले जातात, तेही इंग्लंडमधल्या गोऱ्या मुलांच्या मोजमापांवरचे आहेत. या मुलांच्या हातापायांची लांबी, स्नायूंचे प्रमाण आणि वयात येण्याचा काळ आपल्या मुलांसारखा असेल असे गृहीत धरूनच त्यांची समीकरणे आपल्या मुलांना लावली जातात. हे गृहीतक कितपत टिकते, यावर इथल्या जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

विद्युतभार

लेख आवडला. मी विद्युत अभियंता आहे, म्हणून भौतिकशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो.

कोणत्याही वाहकाचा रोध त्याच्या लांबीच्या सम प्रमाणात आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. बायोइम्पिडन्समध्ये सगळे शरीर म्हणजे एकच सरळ नळकांडे आहे असे मानले जाते, पण शरीर हे पाच नळकांड्यांचे बनलेले आहे: दोन हात, दोन पाय आणि धड. हातपाय लांब व बारीक, धड आखूड व जाड. म्हणून धडात शरीराचे जवळजवळ अर्धे वजन असूनही मनगटापासून घोट्यापर्यंतच्या एकूण रोधात त्याचा वाटा फक्त दहा टक्क्यांच्या आसपास असतो. यंत्र ज्याला संपूर्ण शरीराचा रोध म्हणते तो बहुतांशी एका हाताचा आणि एका पायाचा रोध असतो. ज्या यंत्रावर नुसते उभे राहायचे असते आणि हातात धरायला काही नसते, तिथे प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो, आणि पोटाविषयीचा अंदाज पायांवरून बांधला जातो.

यातूनच मोजपट्टीताईंच्या प्रश्नाचा एक भाग सुटतो. समान उंचीच्या दोन मुलांपैकी एकाचे पाय तुलनेने लांब आणि पोटऱ्या बारीक असतील तर त्याचा रोध जास्त येईल, आणि चरबी तेवढीच असूनही यंत्र ती जास्त सांगेल. किशोरवयात हे विशेष घडते, कारण उंची झपाट्याने वाढू लागते तेव्हा आधी पाय लांबतात आणि धड मागाहून वाढते. तेराव्या वर्षी ‘नुसता टांगांवर आलाय’ असे आपण ज्या मुलाबद्दल म्हणतो, त्याचे नळकांडे त्या वर्षी वेगळे असते आणि सोळाव्या वर्षी वेगळे.

वारंवारतेबद्दलही एक गोष्ट सांगतो. पेशीचे आवरण विद्युतदृष्ट्या धारित्रासारखे (कपॅसिटरसारखे) वागते. कमी वारंवारतेला प्रवाह पेशींच्या बाहेरच्या पाण्यातूनच वाहतो. वारंवारता वाढवली की तो आवरण भेदून आत शिरतो. ५० किलोहर्ट्झला तो दोन्हींतून, पण अपुरा वाहतो. म्हणून महागड्या यंत्रांत अनेक वारंवारता वापरतात. त्याने पाण्याची विभागणी अधिक चांगली कळते, पण समीकरण कोणाचे हा प्रश्न तिथेही उरतोच.

लेस्टरकर

आम्ही पंधरा वर्षे लेस्टरला राहतो. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत अगदी पहिल्या वर्गाच्या (रिसेप्शन) आणि सहावीच्या मुलांची उंची आणि वजन मोजून पालकांना पत्र पाठवतात. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचे पत्र आले आहे आणि त्यात वजन योग्य असल्याचे म्हटले आहे. आमच्या दोघांच्याही घरी मधुमेह आहे; माझ्या सासऱ्यांना तो चाळिशीच्या आत झाला, आणि ते कधीच जाड नव्हते. त्यामुळे पत्र वाचून मला समाधान वाटले नाही. हाडापेराने लहान असलेल्या आपल्या मुलांची चरबी उंची आणि वजनाच्या मागे लपते, असे ऐकले आहे. ते खरे आहे का, आणि असल्यास बायोइम्पिडन्सने ती दिसते का?

मोजपट्टी

लेस्टरकर, तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि तिचे उत्तर बऱ्याच अंशी तुमच्याच देशात आणि थोडे आपल्या पुण्यात मिळाले आहे.

पुण्याचे आधी सांगते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. ही बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची होती आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. पुण्याच्या बाळांत स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पण खांद्याच्या पात्याखालची चरबी त्या मानाने टिकून होती. हा आकृतिबंध जन्मापासूनचा आहे, म्हणजे आईबापांनी तेलतूप जास्त खाऊ घातल्याने तो आला असे म्हणता येत नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अचूक २२.३, पण डेक्सा या क्ष-किरणांच्या यंत्राने मोजलेली शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ते दोघे प्रौढ होते, आणि दोन माणसांवरून नियम निघत नाही, हे खरे. पण वर्गात शिकवताना त्या फोटोने जेवढे काम केले तेवढे कोणत्याही तक्त्याने केले नसेल.

आता इंग्लंड. लंडन, बर्मिंगहॅम आणि लेस्टर येथील प्राथमिक शाळांतल्या ९-१० वर्षांच्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियाई मुलांचा बीएमआय गोऱ्या मुलांपेक्षा कमी, पण चरबीचे प्रमाण जास्त आढळले. मात्र तिथे चरबी बायोइम्पिडन्सने मोजली होती, आणि ज्या पद्धतीविषयीच शंका आहे तिच्यावर एवढा निष्कर्ष कसा ठेवायचा, हा प्रश्न उरला. म्हणून त्याच संशोधकांच्या गटाने लंडनमध्ये वेगळा अभ्यास केला. ८ ते १० वर्षांची ३२५ दक्षिण आशियाई, २५० आफ्रिकी-कॅरिबियन आणि २८९ गोरी मुले घेतली. प्रत्येकाचा हातापासून पायापर्यंतचा रोध मोजला आणि शरीरातले पाणी ड्युटेरियमने मोजले. ड्युटेरियमची पद्धत मला फार सुंदर वाटते: मुलाला मोजून थोडे जड पाणी प्यायला द्यायचे, काही तासांत ते शरीरभर मिसळते, आणि लाळेच्या नमुन्यात ते किती विरळ झाले त्यावरून शरीरात एकूण पाणी किती हे काढायचे. सुई नाही, किरण नाहीत.

निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सर्वांना एकच समीकरण लावले तर दक्षिण आशियाई आणि गोऱ्या मुलांमधला चरबीविरहित वजनाचा फरक प्रत्यक्षापेक्षा ०.५३ किलोने कमी दिसत होता, आणि आफ्रिकी-कॅरिबियन व गोऱ्या मुलांमधला फरक ०.७३ किलोने कमी दिसत होता. साध्या शब्दांत, सामाईक समीकरण सगळ्यांना सरासरीकडे ओढत होते. आपल्या मुलांचे स्नायू होते त्यापेक्षा जास्त आणि चरबी कमी दाखवली जात होती. आफ्रिकी-कॅरिबियन मुलांच्या बाबतीत नेमके उलट, त्यांच्या पदरात नसलेली चरबी घातली जात होती. अर्धा किलो ऐकायला थोडा वाटतो. पण ही चूक अंदाजे इकडेतिकडे विखुरलेली नाही. एका समाजाच्या सर्व मुलांबाबत ती एकाच बाजूला होते, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. किशोरवयीनांच्या बाबतीत, म्हणजे लंडनच्या ११ ते १५ वर्षांच्या वेगवेगळ्या वंशगटांतील मुलामुलींवर, ड्युटेरियमशी ताडून अशीच पडताळणी २०१० साली प्रसिद्ध झाली आहे.

तुमच्या पत्राविषयी: ब्रिटनमधील ४ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी असा हिशेब मांडला गेला आहे की दक्षिण आशियाई मुलाच्या बीएमआयमध्ये १.१ मिळवले की तो चरबीच्या दृष्टीने गोऱ्या मुलाच्या बीएमआयशी तुलना करण्याजोगा होतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांसाठी जे वाढीचे तक्ते दिले त्यांतही याच विचाराने जास्त वजनाची आणि लठ्ठपणाची रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळवलेली आहे, २५ आणि ३० शी नव्हे. मुलीचा बीएमआय या तक्त्यांवर मांडून पाहा. आणि घरातल्या मधुमेहाचा इतिहास डॉक्टरांना अवश्य सांगा. तो कोणत्याही यंत्राला ठाऊक नसतो.

उंबरठा

मला या चर्चेतली एक गोष्ट खटकते आहे, आणि ती स्पष्टपणे मांडते. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी लोकांच्या नाकाची रुंदी आणि लांबी मोजून त्या गुणोत्तरावर हिंदुस्थानातल्या जातींची उतरंड रचली होती. शरीराचे मोजमाप आणि वंश हे दोन शब्द एकत्र आले की मला ते आठवते. वंश ही जीवशास्त्रीय वर्गवारी नाही, हे आज सर्वमान्य आहे. मग वेगळ्या गटाला वेगळे समीकरण, म्हणजे यंत्रात ‘वंश’ नावाचे बटणच, असावे अशी मागणी आपण का करतो आहोत? आणि ‘दक्षिण आशियाई’ म्हणजे तरी कोण? बांगलादेशातल्या सिल्हेटहून इंग्लंडला गेलेल्या कुटुंबातला मुलगा, केनियामार्गे लेस्टरला गेलेल्या गुजराती घरातली मुलगी आणि नंदुरबारच्या भिल्ल पाड्यावरची मुलगी यांना एकाच कप्प्यात टाकायचे का?

मोजपट्टी

उंबरठा, तुमचा प्रश्न धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन दिवस विचार करून उत्तर लिहिते आहे.

वंशगटाचे नाव स्वतः काही करत नाही. चरबी आणि रोध यांचे नाते ज्या गोष्टींमुळे बदलते त्या शरीरात मोजता येतात: उंचीच्या मानाने पायांची लांबी, हातापायांची जाडी, स्नायूंचे प्रमाण, हाडांची घनता, चरबीविरहित भागात पाण्याचा अंश, आणि वयात येण्याची पायरी. आफ्रिकी मुळाच्या लोकांचे पाय उंचीच्या मानाने सरासरीने लांब आणि हाडे अधिक घन असतात. आपल्याकडे उंचीच्या मानाने स्नायू कमी असतात. हे सरासरीचे बोलणे आहे, आणि प्रत्येक गटात आतल्या आत फार मोठा फरक असतो. वंशगटाचे नाव हे या सगळ्या गोष्टींच्या जागी वापरलेले एक ढोबळ चिन्ह आहे. जिथे मूळ गोष्ट मोजता येते तिथे चिन्हाची गरज कमी होते. मुलाला स्टुलावर बसवून बसल्या उंचीचे माप घ्यायला एक मिनिट लागते. त्यावरून पायांचे प्रमाण थेट कळते. मला विचाराल तर पुढच्या अभ्यासांनी समीकरणांत वंशाऐवजी अशी मापे घालण्याचा प्रयत्न नेटाने करावा.

न्यूझीलंडचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. तिथे युरोपीय, माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या कुटुंबांतील मुलांवर रश आणि सहकाऱ्यांनी २००३ साली केलेल्या अभ्यासात तिन्ही गटांना रोधाचे एकच समीकरण पुरेसे ठरले, मात्र बीएमआय आणि चरबी यांचे नाते गटागटांत वेगळे निघाले. म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळे बटण लागतेच असे नाही. कुठे लागते आणि कुठे नाही, हे त्या त्या ठिकाणच्या मुलांवर पडताळूनच कळते.

पण तोवर वंशाचा उल्लेखच टाळायचा म्हटले तर काय होईल, याचाही विचार करा. सामाईक म्हणून जे समीकरण वापरले जाईल ते कोणत्याही वंशाचे नाही असे होणार नाही. ज्या मुलांवरून ते बांधले त्यांचेच ते असेल, फक्त तसे लिहिलेले नसेल. रिस्ले यांनी माणसांना मोजून माणसांची प्रतवारी लावली. इथे प्रतवारी मुलांची नाही, समीकरणाची तपासायची आहे: हे समीकरण कोणाच्या बाबतीत चुकते आणि किती. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

‘दक्षिण आशियाई’ या शब्दाबद्दल तुम्ही म्हणता ते मी पूर्णपणे मान्य करते. पूर्व लंडनमध्ये त्याचा अर्थ बहुतांशी बांगलादेशी मुळाची मुले असा होतो, लेस्टरमध्ये मुख्यतः गुजराती. त्या समीकरणांना महाराष्ट्रात जसेच्या तसे आणणे हीसुद्धा उसनवारीच आहे. आपल्याकडे पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१७ साली भारतीय मुलांसाठी, ५ ते १७ वर्षे वयोगटाचे, बायोइम्पिडन्सवर आधारलेले चरबी आणि स्नायूंचे शतमक तक्ते प्रसिद्ध केले, ही मोठी सोय झाली आहे. निदान तुलना तरी आपल्या मुलांशी होते. नंदुरबारच्या पाड्यावरच्या मुलीला तेही कितपत लागू पडतील, असे विचारलेत तर तिथल्या मुलींवर ड्युटेरियमने पडताळणी करावी, याखेरीज दुसरे उत्तर माझ्यापाशी नाही.

खडूफळा

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला शिकवतो. मागच्या मार्चमध्ये एका तपासणी पथकाने आमच्या मुलांची चरबी मोजली. त्या दिवशी जे पाहिले ते इथे सांगितले पाहिजे असे वाटते. मुले कवायतीचा तास संपवून घामाघूम होऊन आली होती. काही मुले तीन किलोमीटर अनवाणी चालत येतात. त्यांच्या टाचांना इतक्या खोल भेगा असतात की त्यांत माती कायमची बसलेली असते. यंत्राच्या धातूच्या पट्ट्यांवर ती उभी राहिली की यंत्र तीन-तीनदा चूक दाखवत होते, आणि चौथ्यांदा जो आकडा आला तो लिहून घेतला गेला. मुलींच्या पायांत पैंजण होते, दोन मुलांच्या कमरेला चांदीचा करदोडा होता. ते काढायला कोणी सांगितले नाही. एका काटकुळ्या मुलाची चरबी २८ टक्के निघाली आणि वर्गात त्याला त्यावरून चिडवले गेले. यावर्षी पुन्हा पथक येणार आहे. आम्ही शिक्षकांनी काय काळजी घ्यावी?

मोजपट्टी

खडूफळा सर, तुमचे लिहिणे वाचून वाईट वाटले, आणि ज्या बारकाईने तुम्ही पाहिले त्याबद्दल आदरही वाटला. तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचा रोधावर परिणाम होतो. घाम गेल्याने शरीरातले पाणी घटते आणि रोध वाढतो. पण अंग तापून कातडीकडे रक्त जास्त वाहू लागले की तो घटतो. दोन्ही एकाच वेळी घडत असतात, त्यामुळे कवायतीनंतरचा आकडा कोणत्या बाजूला झुकला हे मागाहून सांगता येत नाही. तो सुधारता येत नाही, टाकूनच द्यावा लागतो. भेगाळलेल्या जाड टाचेतून विजेचा संपर्कच नीट होत नाही.

मोजणी सकाळी, शाळा भरताच करावी. मुलांनी आदल्या संध्याकाळपासून जोराचा खेळ खेळू नये, मोजण्याआधी लघवीला जाऊन यावे, अनवाणी चालत आलेल्यांचे पाय धुऊन ओल्या फडक्याने पुसावेत आणि त्यांना थोडा वेळ सावलीत बसू द्यावे. पैंजण, कडे, करदोडा काढून ठेवावे. उभे राहताना मांड्या एकमेकींना आणि हात अंगाला चिकटू नयेत, कारण कातडी कातडीला टेकली की प्रवाहाला आडवाट मिळते. शक्य असेल तर झोपवून, उजव्या मनगटाला आणि घोट्याला चिकटपट्ट्या लावून मोजणारे यंत्र आणायला सांगा; टाचांचा प्रश्न तिथे येत नाही. हृदयात पेसमेकर असलेल्या कोणाचीही या यंत्राने मोजणी करू नये.

यापेक्षाही मोठी विनंती अशी की, नोंदवहीत टक्क्यांच्या शेजारी ओहममधला मूळ रोध लिहून घ्यायला लावा. पुष्कळ यंत्रांत तो दिसतो, पण कोणी पाहत नाही. टक्का हा समीकरणाचा आहे, रोध मुलाचा आहे. उद्या आपल्या मुलांसाठी चांगले समीकरण मिळाले तर रोधावरून सगळे पुन्हा मांडता येईल. नुसत्या टक्क्यावरून काहीच करता येणार नाही.

हे किती महत्त्वाचे आहे ते माझ्या भाचीच्याच आकड्यांवरून दाखवते. मी तिला परिचयातल्या एका ठिकाणी नेऊन झोपवून मोजले: उंची १५० सेंटीमीटर, वजन ३८ किलो, रोध ७०० ओहम. उंचीचा वर्ग भागिले रोध, म्हणजे २२,५०० भागिले ७००, बरोबर ३२.१४. हाउटकूपर यांचे समीकरण सांगते की या आकड्याला ०.६१ ने गुणा, त्यात वजनाचा पाव भाग मिळवा आणि वर १.३१ घाला. उत्तर ३०.४ किलो चरबीविरहित, म्हणजे चरबी ७.६ किलो, सुमारे २० टक्के. न्यूझीलंडचे समीकरण ०.६२२, ०.२३४ आणि १.१६६ हे आकडे वापरते. त्याने चरबी जवळपास २१ टक्के येते. आता तिचा रोध ७०० ऐवजी ७५० मोजला गेला असता, तर पहिल्याच समीकरणाने २३ टक्क्यांहून जास्त चरबी दाखवली असती. आणि तिच्यासारख्या मुलींसाठी समीकरण एका किलोने सरकवावे लागते असे उद्या पडताळणीत निघाले, तर तोच आकडा २२.६ होईल. मुलगी तीच, सकाळ तीच.

अनुस्वार

संख्याशास्त्राच्या बाजूने दोन गोष्टी. पहिली अशी की या समीकरणांची स्वतःची प्रमाणित चूक, म्हणजे एकेका मुलाचा अंदाज साधारणपणे जितका चुकतो ती, दोन ते अडीच किलो चरबीविरहित वजनाची असते. ३८ किलोंच्या मुलीत दोन किलो म्हणजे पाच टक्क्यांहून अधिक चरबी. त्यामुळे एका मुलाच्या बाबतीत २० आणि २३ यांत फरक करण्याची ताकद या पद्धतीत नाही. हजार मुलांच्या सरासरीत मात्र आहे. आणि म्हणूनच, सरासरीच जर एका गटात एका बाजूला झुकलेली असेल, तर नेमक्या ज्या कामासाठी ही पद्धत चांगली आहे त्याच कामात ती फसवते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या प्रमाणाची. प्रौढांच्या चरबीविरहित भागात ७३ टक्के पाणी असते. मुलांत ते जास्त असते, आणि वयात येताना हळूहळू उतरत जाते. २३ लिटर पाणी असलेल्या त्याच मुलीला ७३ टक्क्यांचे माप लावले तर चरबी १७ टक्के येते, ७६ टक्क्यांचे लावले तर २० टक्के. प्रौढांसाठी बांधलेले यंत्र किशोरवयीनांना लावले की ही चूकही त्यात मिसळते, आणि ज्या गटातल्या मुली लवकर वयात येतात त्यांच्यात ती वेगळ्या वयाला होते. म्हणून वयाच्या जोडीला वयात येण्याची पायरी नोंदवणे मला बसल्या उंचीइतकेच आवश्यक वाटते.

लेस्टरकर

मुलीचा बीएमआय १८.४ आहे. एकदा १.१ मिळवून आणि एकदा तसाच भारतीय तक्त्यावर ठेवूनही पाहिला. रेषेच्या आत आहे, पण आधी वाटला होता तितका आत नाही. घरात आम्ही याचा गवगवा केलेला नाही. शनिवारी सकाळी सगळ्यांनी पोहायला जायचे एवढे ठरवले आहे. डॉक्टरांना सासऱ्यांच्या मधुमेहाविषयीही कळवले.

खडूफळा

मोजपट्टीताई, तुमची सर्व सूचना मुख्याध्यापकांना वाचून दाखवली. त्यांनी पथकाला पत्र लिहून सकाळची वेळ मागितली आहे आणि आकडे वर्गात वाचून दाखवू नयेत अशी अटही घातली आहे. नोंदवहीत ‘रोध’ आणि ‘बसली उंची’ असे दोन रकाने मी स्वतः आखले. बसल्या उंचीसाठी स्टूल किती उंच असावे?

मोजपट्टी

सर, स्टुलाची उंची कितीही असली तरी चालेल, पण ते हलणारे नसावे आणि सगळ्या मुलांसाठी तेच असावे. आधी स्टुलाची उंची मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे ती नंतर वजा करता येईल. मुलाची पाठ आणि डोके भिंतीला टेकलेले, नजर समोर, हात मांडीवर. प्रत्येक मुलाचे माप दोनदा घ्या, आणि दोहोंत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्या.